आत डाव्या हाताला

टपालवाल्याने पाकीट कानशींच्या डब्यावर ठेवलं आणि तो शेजारच्या बूटवाल्याकडे वळला. किल्लीवाल्याच्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की पाकीट किती पातळ आहे. कोपऱ्यात कर कार्यालयाचा शिक्का होता. कालपासून त्या कार्यालयाचं जे रूप त्याच्या डोक्यात बसलं होतं, त्या मानाने हे पाकीट अगदीच गरीब दिसत होतं. त्याने हात पुसले आणि दात न कापलेल्या कोऱ्या किल्लीच्या टोकाने कड फाडली. आत एकच कागद. आपलं विवरणपत्र मिळालं, तपासलं, आपल्याकडून काही येणं नाही. दुकानाचा पत्ता बदलला असल्यास तीस दिवसांत, आपल्या सोयीने, लेखी कळवावं. आपल्या सोयीने. कालचा फोनवरचा साहेब तासाभरात एकदाही 'आपल्या सोयीने' म्हणाला नव्हता. कागदाच्या तळाशी, औषधाच्या बाटलीवर असतात तसल्या बारीक अक्षरांत, एक ओळ होती: हे कार्यालय फोनवरून पैसे मागत नाही, अटकेची भीती घालत नाही, कुपनांच्या रूपात कर घेत नाही. त्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, परत लावला. ओळ तीच होती. समोरच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या घड्याळात अकरा वाजले होते.

लाज डोळ्यांत दिसते म्हणतात. त्याला ती कानांत आली. दोन्ही कान एकदम असे तापले की कुणीतरी मागून पिळतंय असं वाटावं. बूटवाल्याने एका चपलेत हात घालून ठेवला होता, त्याच हाताने खूण करून त्याने विचारलं, "काय आलं हो?" "काही नाही. जाहिरात," किल्लीवाला म्हणाला आणि त्याने कागद घडी करून खिशात घातला. कालपासूनचं हे तिसरं खोटं. पहिलं कुपनांच्या दुकानातल्या बाईला, दुसरं रात्री फोनवर बायकोला. बायको मुलीच्या बाळंतपणाला गेली होती आणि रोज विचारत होती तसं काल तिने विचारलं होतं, सगळं ठीक ना? तिन्ही खोटी तोंडातून इतकी सरळ निघाली होती की हा माणूस जन्मभर दुसरं काही बोलतच नव्हता असं कुणीही म्हणावं.

फोन आला होता काल सकाळी, शटर अर्धं वर गेलेलं असताना. एका हाताने शटर तोलत त्याने दुसऱ्या हाताने फोन कानाला लावला. कर कार्यालय, वसुली विभाग, असा भरदार आवाज. सहा वर्षांपूर्वीच्या हिशेबात तफावत आहे, दुपारी अटकेचा कागद निघतोय, फोन ठेवलात तर सहकार्य नाकारलं अशी नोंद होईल. आता, किल्लीवाला काही दूधखुळा नव्हता. तीस वर्षं त्याने लोकांची कुलपं उघडून दिली होती, आणि कुलूप उघडून द्या म्हणणारा माणूस खरंच त्या घरचा आहे की नाही, हे ठरवायला त्याच्याजवळ एक प्रश्न होता. दार उघडल्यावर आत डाव्या हाताला काय आहे, सांगा. घरचा माणूस विचार न करता सांगून टाकतो: छत्री टांगलीय, वर मीटर आहे, चपलांचा ढीग आहे. परका असेल तर डोळे वर करतो. या प्रश्नावर त्याचा फार जीव होता. नवीन गिऱ्हाइकाला तो ही युक्ती वरून फुकट ऐकवायचा. तर काल त्याने साहेबालाही तशीच परीक्षा घातली. माझी फाइल तुमच्यासमोर आहे ना, मग पहिल्या पानावर काय आहे, सांगा. आणि साहेबाने श्वास न घेता वडिलांचं नाव सांगितलं, दुकानाच्या नोंदणीची तारीख सांगितली, आणि रस्ता रुंद करताना पाडलेल्या जुन्या टपरीचा नंबरही सांगितला, जो किल्लीवाल्याला स्वतःलाही नीट आठवत नव्हता. "बरोबर," किल्लीवाला म्हणाला होता. त्या क्षणी त्याला चक्क बरं वाटलं होतं. परीक्षा आपणच काढली, पेपर आपणच तपासला आणि चोराला पहिल्या नंबराने पास केलं.

मग पुढचं सगळं. फोन चालू ठेवून खिशात घालायचा, घरातली रोकड घेऊन मोठ्या दुकानात जायचं, भेट द्यायची कुपनं विकत घ्यायची, कुणी विचारलंच तर घरातल्या लग्नासाठी म्हणायचं. कर कुपनांत कसा भरतात, हा प्रश्न त्याला पडला होता. पडला नव्हता असं नाही. पण साहेब म्हणाला, खातं गोठवलंय, म्हणून ही तात्पुरती सोय. आणि घाबरलेल्या माणसाला सोय हा शब्द फार गोड लागतो. गल्ल्यावरच्या बाईने कुपनांची चळत पाहून हात थांबवला होता. "एवढी? काका, कुणी फोनवरून घ्यायला सांगितलं नाही ना? ही पाटी लावलीय बघा आम्ही." पाटी होती. लाल अक्षरांत होती, आणि बाईने तिच्यावर बोट ठेवलं होतं. त्याच्या सदऱ्याच्या खिशात साहेब ऐकत होता. "छे हो," किल्लीवाला हसून म्हणाला, "भाचीचं लग्न आहे." कुठली भाची? त्याला एकच बहीण, ताई, आणि ताईला मूलबाळ नाही. पण बाई खूश झाली. तिने एक जास्तीचं चकचकीत पाकीट दिलं, वर सोनेरी फीत, नवरीला द्यायला. ते पाकीट या घटकेला त्याच्या ड्रॉवरमध्ये होतं. दुकानात येऊन त्याने कोऱ्या किल्लीनेच कुपनांवरचा करडा थर खरवडला आणि एकेक आकडा वाचून दाखवला. प्रत्येक आकड्यानंतर साहेब "हं" म्हणायचा आणि तो "हं" आल्याशिवाय किल्लीवाला पुढचा आकडा वाचायचा नाही. शाळेतसुद्धा तो इतका आज्ञाधारक नव्हता.

एवढ्यावर भागलं असतं तरी त्याने ते गिळलं असतं. स्वतःचे गेले, अक्कलखाती गेले. पण संध्याकाळी सहाला साहेबाचा परत फोन आला. तुमच्या खात्यावर दुसरं नाव कुणाचं आहे? बहिणीचं, किल्लीवाला म्हणाला. चौतीस वर्षं इस्पितळात नर्स होती, निवृत्त झाली, एकटी असते, म्हणून सोयीसाठी नाव जोडलंय. मग त्यांच्यावरही कारवाई होणार. पण तुम्ही एवढं सहकार्य केलंत, त्यांचं हलक्यात मिटवू. नंबर द्या. उद्या बाराला बोलतो. तोवर त्यांना एक अक्षर सांगायचं नाही, नाहीतर दोघंही आत. त्याने नंबर दिला. नुसता दिला नाही, वर विनवणी केली. "वयस्क आहे हो ती. जरा हळू बोला तिच्याशी." चोराच्या हातात बहीण दिली आणि वर सांगितलं, जपून ने. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ ही म्हण तो जन्मभर दुसऱ्यांच्या भावांबद्दल वापरत आला होता.

निवृत्तीच्या वेळी मिळालेली ताईची रक्कम तेवढीच होती. त्यावर ती जगत होती, आणि दुसरं काही येणार नव्हतं. आणि बाराला तासाभराचा अवकाश होता. फोन उचलायचा आणि सांगायचं, ताई, बाराला एक फोन येईल तो खोटा आहे. एक मिनिटाचं काम. त्याने फोन हातात घेतलाही. पण पहिलं वाक्य झालं की ती काय विचारणार, हे त्याला पाठ होतं. तुला कसं कळलं? आणि मग तिचा तो प्रश्न. कधीपासून? इस्पितळात येणाऱ्या प्रत्येकाला ती हाच प्रश्न विचारायची, खोकला असो, गाठ असो, रक्त असो. ती सांगायची, दुखतं कुठे हे लोक खरं सांगतात, पण कधीपासून ते कुणी खरं सांगत नाही. आठ दिवस झालेला म्हणतो काल रात्रीपासून. दोन महिने झालेली म्हणते परवा. ज्याला जास्त लाज, तो जास्त दिवस कापतो. आई गेल्यावर हिनेच त्याला वाढवलं होतं आणि लहानपणी त्याने काही फोडलं, हरवलं, चोरून खाल्लं, की ओरडायच्या आधी ती हेच विचारायची. तिच्यासमोर तो अजून नऊ वर्षांचाच होता, फक्त आता त्याचे गुडघे दुखत होते.

एवढ्यात कपाटाच्या किल्लीची नक्कल करायला एक गृहस्थ आले. किल्लीवाल्याला इतकं हायसं वाटलं की त्याला स्वतःचाच राग आला. त्याने मशीन सुरू केलं. दात कापले. मग कानस घेऊन तो कडा घासत बसला, घासत बसला, एवढी गुळगुळीत किल्ली आजवर त्याने कुणाला दिली नव्हती. गृहस्थ म्हणाले, पुरे हो, कपाटात जुने कोटच आहेत. ते गेले. घड्याळात अकरा पस्तीस. कदाचित ते करणारच नाहीत फोन, त्याच्या मनात आलं. आपलं काम झालं, ते गेले असतील. कदाचित ताई अनोळखी नंबर उचलणारच नाही. ताई हुशार आहे. आपणही हुशार होतो, हे त्याच्या मनाने लगेच त्याला ऐकवलं. मग त्याने ठरवलं की फक्त एवढंच सांगावं, गिऱ्हाईक सांगत होतं की असे फोन येतात हल्ली. गिऱ्हाइकाच्या नावावर खपवावं. आणि हे ठरवल्याबरोबर त्याला ती आठवली, हाताला बँडेज बांधलेली बाई. कारण तिचंही त्याने असंच दुसऱ्याच्या नावावर खपवलं होतं.

वीस वर्षं झाली असतील. भर दुपारी एका इस्त्रीच्या शर्टातल्या माणसाने त्याला बोलावून नेलं. तिसरा मजला, किल्ली हरवली, हातात औषधांची पिशवी. किल्लीवाल्याने नेहमीचा प्रश्न विचारला. डाव्या हाताला स्टीलचं स्टूल आहे, तो माणूस म्हणाला, एका पायाला चिंधी गुंडाळलीय, फरशीवर वाजतं म्हणून. कुलूप नवं होतं, चांगलं होतं, वीस मिनिटं लागली. दार उघडलं. डाव्या हाताला स्टूल होतं, पायाला चिंधी होती. तो समाधानाने मजुरी घेऊन खाली उतरला. चार दिवसांनी एक बाई दुकानासमोर येऊन उभी राहिली, उजवा हात बोटांपासून कोपरापर्यंत बांधलेला. "ते कुलूप तुम्ही उघडलंत का? नवरा आत येऊ नये म्हणून मी आठ दिवसांपूर्वीच बदलून घेतलं होतं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "आतून लावायचं काहीतरी द्या. बाहेरून कुणालाच उघडता येणार नाही असं." त्याने जाड अडसर दिला, स्वतः जाऊन बसवून देतो म्हणाला. ती नको म्हणाली. पैसे नकोत असं तो म्हणत असताना तिने डाव्या हाताने नोटा मोजून फळीवर ठेवल्या. स्टुलाला चिंधी कुणी आणि कुणाच्या धाकाने गुंडाळली होती, हे तेव्हा त्याला कळलं. घर माहीत असणं आणि घरात यायचा हक्क असणं या दोन गोष्टी आहेत, हे त्याला त्या दिवशी पक्कं कळलं होतं. आणि तरी तो प्रश्न त्याने टाकला नाही, कारण टाकला तर त्याच्याजवळ दुसरं काहीच नव्हतं. ही हकिकत त्याने ताईला सांगितली होती, ती अशी: बाजारात एक किल्लीवाला आहे, त्याच्या हातून काय झालं माहितेय? ताई ऐकून म्हणाली होती, मलाही तसला एक अडसर बसवून दे.

समोरच्या घड्याळात बारा वाजले. म्हणजे आधीच वाजले होते. बघितलं तेव्हा बाराला पाच मिनिटं होऊन गेली होती. त्याने नंबर लावला. व्यस्त. परत लावला. व्यस्त. तो टुक टुक आवाज कानात घेऊनच त्याने शटर ओढलं. "जेवायला?" बूटवाल्याने विचारलं. त्याने उत्तर दिलं नाही, आणि निदान चौथं खोटं तरी वाचलं. बस समोरून निघून गेली. तो चालत सुटला, मग पळत, मग छातीत कळ आली तेव्हा परत चालत. लोक बाजूला होत होते. प्रत्येक दुकानाच्या काचेत एक सुटलेल्या पोटाचा म्हातारा फोन कानाला धरून धावताना दिसत होता, आणि तो बघण्यासारखा नव्हता. दर शंभर पावलांवर तो नंबर लावत होता. ताई इतका वेळ कुणाशीच बोलत नसे.

ताईच्या दाराची एक किल्ली त्याच्या जुडग्यात कायम असायची. ती त्याने लावली, फिरवली, दार केसभर हललं आणि थांबलं. अडसर आतून लावलेला होता. त्यानेच बसवलेला, त्यानेच चार लांब स्क्रू पिळून घट्ट केलेला. हे एक दार गावातला कुठलाही किल्लीवाला उघडू शकणार नाही, असं तेव्हा तो फुशारकीने म्हणाला होता.

"ताई, मी आहे. दार उघड. तो फोन खोटा आहे."

आतून पावलं आली आणि दाराच्या पलीकडे थांबली. "साहेब म्हणाले होते तू येशील," ताईचा आवाज आला, दबलेला, तिचा नसल्यासारखा. "म्हणाले, येऊन हेच म्हणेल. फोन खोटा आहे म्हणेल."

"टॅक्सवाले असे फोन करत नाहीत गं. त्यांचं पत्र आलंय मला. हे बघ, खालून सरकवतो."

कागद दाराखालून गेला. "पत्र दाखवेल असंही म्हणाले. पत्रं छापता येतात, म्हणाले. तू सहा वर्षं काय काय लपवलंस, सगळं त्यांच्याकडे आहे. त्यांना टपरीचा नंबरसुद्धा माहीत आहे रे. आपल्या वडिलांचं नाव माहीत आहे. मी पर्स घेतलीय. मला जाऊ दे, मी हे मिटवून येते, मग बोलू. तू बाजूला हो."

ती त्याला वाचवायला निघाली होती. काल तो तिला वाचवायला निघाला होता तसंच. साहेबाने दोघांना एकाच किल्लीने उघडलं होतं. आता पटवायला त्याच्याजवळ जे जे होतं, ते साहेबाने आधीच तिला सांगून ठेवलं होतं, आणि त्यातलं जे उरलं होतं ते फक्त सांगायची लाज वाटण्यासारखं होतं. वरच्या मजल्यावरून कुणीतरी उतरत होतं. ते माणूस जवळ येईपर्यंत थांबावं, जाऊ द्यावं, मग बोलावं, असं त्याच्या मनात येऊन गेलं. तो थांबला नाही.

"ताई, मी फसलो," तो दाराला तोंड लावून म्हणाला. "काल. सगळं त्याला देऊन बसलो. तुझा नंबर मीच दिला. त्याने मागितला आणि मी दिला, आणि सांगितलं की हळू बोला. ती कुपनं मी दुकानातून आणली, किल्लीने खरवडली, एकेक आकडा वाचून दाखवला. दुकानातल्या बाईने मला विचारलं होतं, पाटी दाखवली होती, आणि मी तिला खोटं सांगितलं. तुला पण लग्नाचं सांगायला सांगितलंय ना त्याने? मी म्हटलं भाचीचं लग्न आहे. तिने फीत लावलेलं पाकीट दिलं नवरीला. आणि तो दुसरा किल्लीवाला कुणी नव्हता ताई. त्या बाईचं कुलूप मीच उघडलं होतं."

जिन्यावरचं माणूस त्याच्या मागून गेलं, त्याच्याकडे बघत. आतून फोनमधला बारीक आवाज येत होता, मॅडम, मॅडम, लाइनवर आहात ना. मग ताई बोलली, आणि या वेळी तिच्या स्वतःच्या आवाजात.

"भाचीचं? अरे, मला मुलगी कुठाय?"

"नाही ना."

"आणि तिच्यासाठी फीत लावलेलं पाकीटही आणलंस?"

अडसर सरकला. लोखंडाचा तो आवाज त्याने आजवर फक्त बाहेर निघताना, पाठीमागे अडसर लागताना ऐकला होता. ताई पर्स खांद्याला लावून, बाहेरच्या चपला घालून उभी होती. डोळे लाल. डाव्या हाताला चपलांची लाकडी पेटी होती, तिच्यावर तिने फोन पालथा ठेवला होता आणि तो अजून मॅडम मॅडम करत होता. ताईने तो उचलला, बटण दाबून बंद केला, परत ठेवला. पर्स उतरवली नाही. त्याच्याकडे पाहिलं, घामाने चिकटलेल्या सदऱ्याकडे, मग हातातल्या जुडग्याकडे.

"मी अजून काही दिलं नाही," ती म्हणाली. "निघतच होते." मग तिने खाली पडलेलं ते पत्र उचललं, पहिल्यांदा नीट वाचलं, तळाच्या बारीक ओळीपर्यंत. घडी केली. "टपालवाला तुमच्याकडे सकाळीच येतो ना? हे पत्र तुझ्या हातात कधीपासून आहे?"

आत्ताच, हा शब्द त्याच्या जिभेवर तयार होता. आत्ताच आलं आणि धावत आलो, असं वाक्य होतं, आणि त्याचा घाम त्याला साक्ष देत होता. ताई वाट बघत होती, जशी इस्पितळात रोग्याच्या खाटेशेजारी उभी राहून बघत असेल.

"अकरापासून," तो म्हणाला.

ताईने घड्याळाकडे पाहिलं नाही. ती दारातून बाजूला झाली, त्याला आत यायला जागा करून दिली आणि स्वयंपाकघरात पाणी आणायला गेली. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.